पाव वेढा

मी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. इंजिनाच्या कुशीला नटांनी बांधलेला मी एक बिडाचा नळा, पोटातला जळका धूर बाहेर काढणारा. माझ्याच शेजारी इनटेक असतो. तो पेट्रोल नि हवा आत नेतो. म्हणजे जेवू घालण्याचं पुण्य त्याला आणि उष्टं काढण्याचं काम मला! तरी माझी कधी तक्रार नव्हती.

आम्ही दोघं विलायतेत एकाच कारखान्यात ओतले गेलो. आमची तोंडं एकाच टेबलावर, एकदमच घासून सपाट केली होती. त्यामुळे आमच्या कानांची, म्हणजे नटाखाली येणाऱ्या कडांची, जाडी तंतोतंत सारखी. आम्हा दोघांचे कान नटाच्या एकाच वायसरखाली, त्या लोखंडी चकतीखाली, दाबलेले असत. एक नट आवळला की दोघंही घट्ट बसायचो. अशी जोडी नशिबानेच मिळते.

आमची गाडी विजयाबाईंच्या वडिलांची. ते गेल्यावर बाईंनी ती विकू दिली नाही. नवऱ्याची, मधुकररावांची, सरकारी बदली सिल्वासाला झाली तेव्हा गाडीही तिथल्या डोकमर्डी भागात आली. बाई खानवेलच्या शाळेत शिकवत आणि स्वतः गाडी चालवत जात. मधुकरराव शेजारी बसले की छातीशी डबा धरून डोळे मिटायचे. बाई म्हणायच्या, "अहो, डोळे उघडा, रस्ता मी बघतेय!" ते सुखाचे दिवस होते.

मग एकदा खानवेलच्या वळणावर गाडी दगडावर आदळली नि माझ्या जोडीदाराचा कान तुटला. बिडाला वेल्डिंगचा डाग देऊन पाहिला, टिकला नाही.

किलवणीच्या रस्त्यावर आबाचं गॅरेज होतं. आबा आणि त्याची बायको सरूबाई खानदेशातून पोट भरायला आलेले. आधी कारखान्यात होता, मग स्वतःचं शेड टाकलं. जुन्या गाडीवर जीव लावणारा माणूस. त्याने वापीच्या भंगारात धुंडाळून एक इनटेक आणला. भोकं जुळली, वळण जुळलं. पण त्याचे कान माझ्यापेक्षा नखभर जाड! पत्रिका जुळल्या नि उंची जुळेना, अशातली गत. वायसर त्याच्यावर टेकायचा आणि मी खाली सैल.

आबाने मग प्रत्येक वायसर एका बाजूने कानशीने घासला. घासायचा, लावून बघायचा, काढायचा, पुन्हा घासायचा. माझ्या काठावर शीट धरून हातोडीने ठोकत नवं गॅस्केट कापलं, फटीतून धूर निसटू नये म्हणून मध्ये बसतं ते. त्या हातांना घाई ठाऊक नव्हती. मला वाटलं, हा माणूस या परक्याशीही माझा संसार लावून देणार.

फिटिंग संपलं ते नेमकं खंडेनवमीच्या सकाळी. बाई गाडी न्यायला येऊन बसल्या होत्या. आबा म्हणाला, "बाई, अजून एक काम बाकी आहे. अशी विजोड जोडी गरम झाल्याशिवाय बसत नाही. इंजिन तापवायचं, मग सगळे नट पुन्हा आवळायचे. नाहीतर गॅस्केट उडतं."

तेवढ्यात सरूबाईने त्याच्या हातातला पाना काढून घेतला. एकेक अवजार घासलेटाने धुऊन तिने पाटावर मांडलं होतं. बाईंच्या डिकीतला जॅक नि पानेसुद्धा तिने सोडले नव्हते. सगळ्यांना हळदकुंकू लागलं.

"ओ सरूबाई, काय करू राहिली? नट एकदा आवळायचे बाकी आहेत!"

"वर्षभर राबवता ना त्यांना? आज बसू द्या. पूजेतली अवजारं उचलतं का कोणी?"

आबाने डोकं खाजवलं. बायकोपुढे आणि देवापुढे त्याचं काही चालायचं नाही. बाईंना म्हणाला, "दसरा होऊ द्या, बाई. परवा आणा, आवळून देतो. तोवर हळू चालवा."

गाडीला हार हवा म्हणून सरूबाई कुंपणाकडे झेंडू तोडायला गेली. आणि तिची किंकाळी आली.

"जनावर डसलं हो मला!"

पोटरीवर दोन ठिपके होते. आबाने तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, फडकं बांधलं. बाईंनी गाडी सिल्वासाच्या दवाखान्याकडे सोडली. हळू कसल्या चालवतात! मी तापलो, फुगलो आणि माझे नट सैल पडायला लागले. गॅस्केट फाटलं. माझा जळता श्वास थेट वरच्या कार्बोरेटरवर जायला लागला. त्यातलं पेट्रोल उकळलं. भर रस्त्यात गाडी आचके देत थांबली.

आबाने बॉनेट उघडलं नि सवयीने हात मागे केला. "पाना द्या!"

पाना कुठून देणार? सगळे पाटावर पूजेत बसले होते.

मग त्याने बोटांनीच माझा नट धरला. कातडी चरचरली. त्याने हात काढला नाही. दुसरा नट धरला. मी लोखंडाच्या जातीचा, पण त्या क्षणी मला रडता आलं असतं तर रडलो असतो. मला थंड व्हायचं होतं हो, आणि होता येत नव्हतं. मागच्या सीटवरून सरूबाई म्हणत होती, "अहो, हात भाजतील, सोडा." तिची जीभ जड झाली होती.

बाईंनी रस्त्याकडेच्या चरातल्या पाण्यात पदर भिजवून कार्बोरेटरवर धरला. बऱ्याच वेळाने गाडी सुरू झाली. दवाखाना आला तोवर सरूबाईची मान कलली होती. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली आणि मग नर्सला आबाच्या हातांना मलम लावायला सांगितलं. त्यावरूनच आबाला कळलं.

बाईंनी गाडीवर चादर टाकली. दिवस-कार्य उरकल्यावर एक दिवस आबा स्वतः डोकमर्डीला आला. हातांची कातडी नवी, गुलाबी. बाई नको नको म्हणत असताना त्याने नवं गॅस्केट घातलं, इंजिन तापवलं आणि पाना लावला. प्रत्येक नट जेमतेम पाव वेढा फिरला. माझी फुसफुस बंद झाली. इंजिन असं चाललं, जणू काही झालंच नव्हतं.

"एवढंच?" बाईंच्या तोंडून निघून गेलं नि त्यांनी ओठ चावला.

"एवढंच होतं, बाई," आबा म्हणाला आणि चाकाला टेकून खाली बसला.

पुढे पाच-सहा वर्षं मी चाललो. मग मधुकररावांची पुन्हा बदली झाली, गाडीचे सुटे भाग झाले. आता आम्ही दोघं विजोड आबाच्या फळीवर गंज खात पडलोय. भंगारवाला मागतो, आबा देत नाही. खंडेनवमीला तो आजही अवजारं मांडतो, पण हळद लावायला त्याचा हात लवकर उठत नाही.

मायबापहो, माझं आयुष्य आता सरलं. एकच मागणं आहे. पूजा जरूर करा, पण हातातलं काम पुरं करून करा. तुमचा देव तेवढा वेळ थांबला असता. सरूबाईला थांबता आलं नाही.