बिनधुराची चूल

लढाईच्या बारा वर्षांत बंडखोरांसाठी रांधणाऱ्या दोमितिलाच्या चुलीचा धूर सरकारी विमानांना दिसू नये म्हणून अख्खा डोंगर जपत होता. शांतता होऊन तीस वर्षं झाल्यावर तोच धूर दिसावा म्हणून राजधानीहून पर्यटन खात्याच्या एक मॅडम आल्या.

एल कापुलिन गावात क्रांतीचं फारसं काही उरलं नव्हतं. क्रांती फसली, टी-शर्ट मात्र झकास खपले. म्हातारे कॉम्रेड पाहुण्यांना जुन्या भुयारांत रांगायला लावत, आणि एखादा ढेरपोट्या अमेरिकन आत अडकला की पाय धरून त्याला ओढून काढणं हा गावाचा रविवारचा विरंगुळा होता. पण बघण्यासारखी होती ती चूल. तिच्या मागून तीन लांबलचक चर उतारावर गेले होते, त्यांच्यावर फांद्या, पाला आणि ओल्या मातीचा थर. चरांतून जाता जाता धूर गार व्हायचा आणि मातीतच जिरायचा. माती ओली मात्र हवी. सत्तरीची दोमितिला अजूनही रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडायची.

आमच्याकडे बाई कितीही म्हातारी झाली तरी तिला मानानं 'निन्या', म्हणजे पोरी, म्हणायची पद्धत आहे.

"निन्या दोमितिला, सगळं छान आहे हो," इव्हेट मॅडम म्हणाल्या, "पण फोटोत चूल पेटलेली वाटतच नाही. थोडा धूर सोडा ना. कुठेतरी जराशी माती उकरली की झालं."

"बिनधुराची चूल म्हणून लोकांना आणायचं आणि वर धूर मागायचा? उद्या म्हणाल, बॉम्बही टाका."

"ते बजेटात बसत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांना चेष्टा कळली होती की नाही, देव जाणे.

त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर वेन्सेस्लाओ खो खो हसला. तो पाचव्या तोर्तियावर, म्हणजे मक्याच्या भाकरीवर होता. लढाईत तो समोरच्या बाजूला, लष्कराच्या वायरलेसवर सार्जंट होता, आणि हीच चूल शोधत त्याच्या तुकडीनं तीन वर्षं डोंगर तुडवला होता.

"भाजलेल्या मक्याचा वास यायचा हो, चूल काही सापडायची नाही," तो म्हणाला. "उपाशीपोटी वेड लागायची पाळी."

"सापडली असती तर तुम्हालाच भाजलं असतं, सार्जंट. गप गिळा."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. धूर नसेल तर दर शनिवारच्या दोन्ही बस शेजारच्या गावाच्या धबधब्याकडे वळवाव्या लागतील, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. त्या बसच्या भरवशावर तोर्तिया थापायला आलेल्या सात बायका दोमितिलाकडे बघू लागल्या. तिनं पिठाचे हात पुसले.

"एकदा निघाला होता धूर," ती म्हणाली. "शहाऐंशी साली, डिसेंबरात, सांता लुसियाच्या सणाच्या दिवशी. माती भिजवायची पाळी माझी होती. थंडी होती, मी आळस केला. दुपारी विमान आलं. माझी बहीण उबाल्दिना ओढ्यावर मका धूत होती. एकोणीस वर्षांची. मी मारली तिला. आता पुन्हा धूर सोडायला सांगू नका."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. वेन्सेस्लाओचा घास तोंडातच राहिला.

"शहाऐंशीची सांता लुसिया? दुपारी बाराच्या सुमाराला?"

"हो. घेवडा चुलीवर होता."

"धूर कुणी बघितलाच नाही, बाई. खाली ढगच ढग होते. पायलट वायरलेसवर शिव्या घालत होता. म्हणाला, बॉम्ब घेऊन उतरता येत नाही, टाकतो इथेच कुठेतरी. पहिला आमच्याच छावणीच्या संडासावर पडला. कॅप्टन नुकताच नाडी बांधत बाहेर आला होता. म्हणून तर दिवस लक्षात राहिला. उरलेले दोन इकडे, डोंगराच्या अल्याड."

"म्हणजे ती उगाच गेली?"

"उगाच. तुमच्यामुळे नाही."

"आणि मेल्या, हे इतकी वर्षं पोटात ठेवलंस?"

"खाली कोण होतं ते मला कुठं माहीत?" तो हळूच म्हणाला.

दोमितिलानं उलथनं उचललं. मारतेय की काय म्हणून वेन्सेस्लाओनं मान खाली घातली, आणि खरं तर तिला मारायचंच होतं. संडासावर पडून उरलेल्या बॉम्बनं आपली बहीण जावी, याचा तिला भयंकर संताप आला होता. त्या संतापातही छातीवरचा धोंडा हलल्यासारखं वाटत होतं, म्हणून स्वतःची लाजही वाटली. मग ती उतारावर गेली, गुडघ्यांवर बसली आणि उलथन्यानं भराभरा माती खरवडू लागली. पाला निघाला, फांद्या निघाल्या. धूर सरळ वर चढला.

सातही बायकांनी एकदम आभाळाकडे पाहिलं. वेन्सेस्लाओनंही पाहिलं. वर काही नव्हतं.

"वा! मस्त!" मॅडम फोन घेऊन धावल्या. "डोळ्यांत धूर गेला का हो? तशाच थांबा, फार सुंदर येतंय."

"धूर नाही गेला, रडतेय मी," दोमितिला म्हणाली. "काढा फोटो."