धरणाच्या पायथ्याचा पितळी पत्रा

मित्रांनो, माझ्याकडे पाहायला कोणी मुद्दाम येत नाही. पितळेचा एक पत्रा, हातभर रुंद, वीतभर उंच, मधोमध त्रिकोणी खाच, एवढाच मी. एका लहानशा मातीच्या धरणाच्या पायथ्याशी, सिमेंटच्या हौदीत, मी एकतीस वर्षे उभा आहे. ज्या फिटरने मला कापले, त्याने खाचेच्या कडा कानशीने इतक्या घासल्या की त्याचेच बोट कापले. "धार ठेवलीय बरं का," तो बोट चोखत म्हणाला, "बोथट झाला तर खोटं बोलेल हा."

मातीचे धरण थोडे पाझरतेच. भिंतीत मुरलेले पाणी आतल्या वाळूच्या थरातून एका नळीत येते, नळीतून माझ्या हौदीत आणि माझ्या खाचेतून ओढ्यात. खाचेत ते किती चढले, हे शेजारच्या पट्टीवर वाचायचे. सहा सेंटीमीटर असेल तर बादली बारा सेकंदांत भरते. उंची दुप्पट झाली तर पाणी मात्र साडेपाच पटींहून जास्त होते. म्हणून मला एकेका सेंटीमीटरची किंमत आहे.

धरणाचे राखणदार तात्या रोज सकाळी मला फडक्याने पुसत, वाकून आकडा वाचत, वहीत लिहीत आणि वीस पावलांवरच्या आपल्या घराकडे तोंड करून ओरडत, "आज सहा!"

"मग? हार घालू त्याला?" काकू आतून विचारत.

अशी बरीच वर्षे गेली. मग पाहणीला मोठे साहेब आले. माझ्यातून वाहणारे पाणी पाहून त्यांनी चारचौघांत विचारले, "काय हो, धरण गळतंय आणि तुम्ही नुसते आकडे लिहीत बसलाय?"

तात्यांचा चेहरा उतरला. स्वतःच्या छपरातून एक थेंब आला तरी डांबराचा डबा घेऊन वर चढणारा हा माणूस. पुढच्या पाहणीच्या आठवडाभर आधी त्यांनी दोन घमेली सिमेंट कालवले आणि नळीचे तोंड लिंपून टाकले. काम सफाईदार होते, हे मला मान्य करावे लागेल. तिसऱ्या दिवशी मी कोरडा पडलो. साहेब आले, बघून "शाबास" म्हणाले आणि गेले.

त्यानंतर तात्या माझ्याकडे येईनासे झाले. वहीत रोज शून्य लिहायला वाकायची गरज काय? माझ्या खाचेत पाने अडकली. हौदीत एका बेडकाने बिऱ्हाड केले. शेजारी वाईट नव्हता, पण मला काम हवे होते.

पावसात तलाव काठोकाठ भरला. नंतर ऊन पडले, सगळीकडचे गवत पिवळे झाले. फक्त काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ते हिरवेगार राहिले. तिथे पाय रुतू लागला. एक दिवस दोरीवरून पडलेली चादर काकूंनी उचलली, ती तांबडी झालेली.

"अहो, इथून पाणी येतंय. आणि मातकट येतंय."

"नीट पिळत नाहीस तू," तात्या म्हणाले.

"तीस वर्षं पिळतेय! आजवर नाही झाली ती तांबडी."

काकू वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी ते पाणी एका काचेच्या बरणीत भरले आणि खिडकीत ठेवले. दुपारपर्यंत तळाशी बोटभर गाळ बसला. दोन दिवसांनी नव्या इंजिनिअर मॅडम पहिल्यांदाच धरण बघायला आल्या, तेव्हा चहाच्या आधी काकूंनी बरणी पुढे केली.

मॅडमनी बरणी उन्हात धरली. मग त्या थेट माझ्यापाशी येऊन गुडघ्यांवर बसल्या. "तात्या, हा पत्रा कधीपासून कोरडा आहे?"

"दीड वर्ष झालं. एक थेंब नाही!"

"पाणी थांबलेलं नाही, तात्या. त्यानं दुसरी वाट धरलीय. नितळ येत होतं तोवर काळजी नव्हती. आता ते धरणाची माती घेऊन बाहेर पडतंय."

तात्यांनी मान वळवून ओढ्याच्या दिशेने पाहिले. काठावरची घरे दिसत होती, पलीकडच्या टेकाडावरची शाळा दिसत होती. मग ते म्हणाले, "नळी मीच बुजवलीय, मॅडम. काय लिहायचं ते लिहा."

"लिहिणार आहेच. आधी तलावाचा खालचा दरवाजा उघडा, पाणी उतरवू. नंतर ती नळी मोकळी तुम्हीच करायची."

त्याच दुपारी ओढ्याकाठची घरे रिकामी झाली, माणसे शाळेत राहायला गेली. दोरीखालच्या पाझरावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर पडले, म्हणजे पाणी निघावे आणि माती मागे राहावी. काकू बरण्या भरत राहिल्या. तिसऱ्या दिवशी गाळ पातळ झाला, पाचव्या दिवशी बरणीचा तळ दिसला.

तलाव निम्म्यावर आल्यावर तात्यांनी छिन्नी-हातोडा घेतला. स्वतःचेच सफाईदार काम फोडताना त्यांना घाम फुटला. नळीतून आधी गढूळ लोट आला, बेडूक उडी मारून निघून गेला आणि संध्याकाळपर्यंत माझ्या खाचेतून चार सेंटीमीटर नितळ पाणी वाहू लागले. तात्यांनी मला फडक्याने पुसले. पुसताना त्यांचे बोट कापले.

पाहणी-अहवालात तात्यांची चूक लिहिली गेली आणि काकूंची बरणीही. मोठ्या साहेबांच्या "शाबास"बद्दल मात्र त्यात काही नव्हते.

तलाव पुन्हा भरला आहे. रोज सकाळी आरोळी येते, "सहा! आणि नितळ!"

"बरणी बघितल्याशिवाय मी मानत नाही," काकू म्हणतात, आणि स्वतः बघायला येतात.

मित्रांनो, कधी अशा धरणाच्या पायथ्याशी गेलात आणि माझ्यासारखा एखादा पत्रा वाहताना दिसला, तर "धरण गळतंय" म्हणून राखणदाराला लाजवू नका. आजचा आकडा विचारा, पाण्याचा रंग बघा. खाचेत पान अडकले असेल तर त्यांना सांगून काढा. फक्त बोट सांभाळा, धार अजून आहे.