भरल्या गाडीचा फोकस

मंचरला मार्केटयार्डाच्या वाटेवर नवनाथचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, पुढे पत्र्याची पडवी आणि समोर एक पांढरी भिंत. भिंतीवर काळ्या रंगाची आडवी रेघ. गाडी दहा पावलांवर उभी करायची, लाइट लावायचा आणि उजेड रेघेच्या खाली बसेपर्यंत स्क्रू पिळायचा, याला फोकस लावणं म्हणतात. ऐकायला सोपं आहे, पण त्या भिंतीपुढे पार येडगावपासून पिकअपवाले यायचे.

हे काम त्याला गेणभाऊंनी शिकवलं. गेणभाऊ फटकळ माणूस. कोणी रिकामी गाडी घेऊन आलं की पान्याला हातसुद्धा लावत नसत. "आंधारात गाडी कवा पळती? माल भरल्यावर. मंग फोकस बी भरल्या गाडीचाच लावायचा. जा, कांदा भरून ये." गिऱ्हाईक चरफडत जायचं आणि भरून यायचं. माल भरला की गाडी मागून बसते, नाक वर होतं आणि रिकामेपणी नीट लावलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो, एवढंच त्यातलं शास्त्र. गेणभाऊ गेले तरी नवनाथने दहा वर्षं हा नेम पाळला. मग एलईडी आले.

एलईडीने त्याला खूळच लावलं म्हणा ना. पिवळा बल्ब काढायचा, पांढरा बसवायचा, बटण दाबलं की भिंत लख्ख. गिऱ्हाईक "आयला" म्हणायचं आणि नवनाथची छाती फुगायची, जसा काही उजेड यानेच शोधून काढला. जुन्या बल्बसाठी बनवलेल्या काचेत हा उजेड नीट बसत नाही, फाकतो, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण दारात चार गाड्या उभ्या असल्या की कळलेलंही वळत नाही.

जालिंदर त्याच्याच गावचा, अवसरी बुद्रुकचा, शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या घरी अजून मेंढरं होती, ती म्हातारा बाप यमाजी राखायचा. जालिंदर मात्र पिकअप चालवायचा. एका दुपारी तो रिकामी गाडी घेऊन आला, कारण शेतावर कांदा भरायचा होता आणि मजूर खोळंबले होते. नवनाथने हातोहात दोन्ही बल्ब बदलले, भिंतीवर नजर टाकली. उजेड रेघेखाली बसलेला.

"फोकससाठी भरून आणू का सांच्याला?" जालिंदरनेच विचारलं.

"आरं, ह्यो एलईडी हाय. त्याला कशाला पायजे गेणभाऊची पोथी?" नवनाथ हसून म्हणाला. जालिंदरही हसला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला जालिंदर गाडी गच्च भरून मंचरकडे निघाला. समोरून यमाजी मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेने घराकडे चालला होता. जालिंदरने बापाला ओळखलं, हॉर्न दिला, लाइट खाली, डिप्परवर केला आणि पुढे गेला. त्याच वेळी मेंढरांच्या मागून रुपेश मोटरसायकलवर घरी येत होता. तोही अवसरीचाच, नवनाथच्या घरामागे राहणारा, एका शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हर. त्याच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं, परत दिसायला लागलं तेव्हा तो मेंढरांत पडलेला होता. दोन मेंढ्या जागेवर मेल्या. यमाजीचा खुबा मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवनाथ दवाखान्यात गेला. जालिंदर बाहेर कंपाउंडपाशी उभा होता आणि शेजारी कालचीच कांद्याची गाडी, उतरवायची राहिलेली.

"मी डिप्परवर व्हतो," जालिंदर विचारल्याशिवायच म्हणाला. "आईच्यान, नवनाथ, डिप्परच दिला व्हता."

नवनाथने गाडीत हात घालून लाइट लावला. कंपाउंडच्या सावलीतल्या भिंतीवर उजेड पडला. डिप्परचाच, पण गुडघ्याच्या उंचीला असायचा तो मोटरसायकलवर बसलेल्या माणसाच्या कपाळाला जाऊन लागला होता. दोघांनी तो पाहिला. नवनाथने लाइट बंद केला. दुपारी जालिंदर गाडी दुकानी घेऊन आला, नवनाथने जुने पिवळे बल्ब परत बसवले. का काढतोस, असं जालिंदरने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही.

तोवर गावाला दोषी सापडला होता. सरळ रस्ता, ओळखीची मेंढरं, तरी पोरगं आत घुसतं म्हणजे काय? पिऊन असणार. चहाच्या टपरीवर कोणी तरी हे 'असणार' म्हणून बोललं, संध्याकाळपर्यंत त्याचं 'होता' झालं. रुपेश जन्मात दारूला शिवला नव्हता. पण शाळावाल्यांनी कशाला जोखीम घ्यावी? त्यांनी त्याला 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणून सांगितलं. पोरगं सांगून सांगून थकलं, "उजेड लई आला, मला काय बी दिसलं न्हाई." लोक म्हणाले, उजेडात दिसतं का दिसत नाही? आणि हसले.

या सगळ्यात नवनाथने एक वाक्य बोलायला हवं होतं. ते त्याला दर सकाळी पाठ असायचं आणि दुकान उघडेपर्यंत विसरायचं. आपण बोललो तर जालिंदर अडकेल, असं तो मनाला सांगायचा. ते काही सगळं खोटं नव्हतं. पण त्यात आपलं नाव, आपली भिंत आणि येडगावपासून येणारी गिऱ्हाइकंही होती, हेही त्याला ठाऊक होतं.

पौर्णिमेला विहारात वंदना असते. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हणायचं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारूला न शिवण्याचं. अपघातानंतरच्या पौर्णिमेला पाचवं शील सुरू झालं आणि दोनचार माना हळूच रुपेशकडे वळल्या. रुपेशने हात जोडलेलेच ठेवले, आवाज मात्र त्याचा बसला. चौथ्या शिलाला नवनाथकडे कोणीच बघितलं नव्हतं. त्या दिवशी नवनाथला स्वतःची किळस आली. पुढची पौर्णिमा त्याने कामाचं निमित्त करून टाळली आणि त्याच्या पुढच्याही टाळल्या.

मध्ये एकदा तो यमाजीला बघून आला. मेंढरं विकून टाकली होती. म्हातारा ओसरीवर खाटेवर बसून मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडे बघत होता.

"आबा, बरं हाय का?"

"बरं म्हनायचं," यमाजी म्हणाला. "त्या पोराचा मला राग न्हाई, नवनाथ. उजेडच आसा आला का माझी मलाच मेंढरं दिसंनात, मंग त्याला कुठनं दिसतील? मी जालिंदरला म्हनलं तसं. त्यो म्हनला, आबा, गप ऱ्हावा."

जालिंदर दारातच उभा होता. त्याने खाली बघितलं. नवनाथने चहा घेतला, उठला आणि आला. खरं म्हणजे तिथेच बोलायचं होतं. म्हाताऱ्याने दार उघडून दिलं होतं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी रुपेश मोटरसायकल घेऊन दुकानी आला. जरा वाळला होता. आता मार्केटयार्डात गोण्या उचलायला जात होता.

"नवनाथभाऊ, माझ्या गाडीला तसला पांढरा बल्ब टाकून द्या."

"कशाला रं?"

"माझाच बल्ब कमी पडला आसंल त्या दिवशी. मी लई इचार केला. जालिंदरभाऊ तर डिप्परवर व्हते म्हनत्यात. त्यांचा उजेड जास्त, माझा कमी, म्हनून मला दिसलं न्हाई. दुसरं काय आसनार?"

नवनाथच्या हातात टेस्टर होता, तो त्याने खाली ठेवला. आता हा बल्ब लावून दिला की झालं, पोरगं समाधानाने जाईल आणि प्रकरण कायमचं मिटेल, हे त्याला स्वच्छ दिसलं. ते दिसलं म्हणूनच तो घाबरला.

"तुझा बल्ब कमी पडला न्हाई, रुपेश," तो म्हणाला. "मी जालिंदरच्या रिकाम्या गाडीवं फोकस लावला व्हता. त्यो इचारत व्हता, भरून आणू का. मीच नको म्हनलं. गाडी भरली आन डिप्परचा उजेड तुझ्या डोळ्यांत गेला. तुझी काय बी चूक नव्हती."

रुपेशने गाडी स्टँडला लावली.

"तुमाला कवा कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. दवाखान्यात."

रुपेशने शिव्या दिल्या असत्या तर नवनाथला बरं वाटलं असतं. "उद्या तुझ्यासंगं शाळेत येतो," तो घाईघाईने म्हणाला. "इहारात बी समद्यांपुढं सांगतो. जालिंदरला बी आजच बोलतो."

"सांगा," रुपेश म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "लोक पिणारा म्हनत व्हते, त्याचं येवढं न्हाई वाटलं, भाऊ. मी पीत न्हाई, ते मला म्हाईत व्हतं. पण बल्बाचं आत्ता सुचलं, त्याआधी माझ्या नजरंतच खोट हाय, आसं मी धरून चाललो. माझी हर्षाली पाच वर्साची हाय. चार महिनं झालं, मी तिला गाडीवं बसवलं न्हाई. रोज हट्ट करती, आन मी तिला चालत शाळंत नेतो. तिला मी सांगून ठेवलंय, पप्पाला नीट दिसत न्हाई म्हनून."