समासातली आई

मी एका फारसी कवयित्रीचा कवितासंग्रह बोलतोय. दचकू नका, मराठी मला चांगलं येतं. माझ्या समासांत एका बाईनं अकरा वर्षं मराठीच लिहिलं. शिवाय जुन्या पुस्तकांच्या दुकानात महिनाभर काढला की दगडालाही गिऱ्हाइकाशी गोड बोलता येतं. मी उजवीकडून उघडतो. इथला दुकानदार मला अजून डावीकडून उघडतो आणि म्हणतो, "याला सुरुवातच नाही हो." माणूस वाईट नाही. तेच तर दुखणं आहे.

ती बाई गालिच्यांच्या व्यापाऱ्याकडे टंकलेखिका होती. परदेशातली पत्रं वाचावी लागत, म्हणून फारसी शिकली. एकदा गालिच्याच्या गुंडाळीतून मी निघालो. मालक म्हणाले, "नाव नाही, पत्ता नाही. तुम्हीच घेऊन जा." तिनं मला घरी नेऊन चादरींच्या घडीत ठेवलं.

घरी ती फार बोलत नसे. "बरं", "वाढू का?", "येते हं", एवढ्यावर तिचा संसार झाला. पण सुट्टीच्या दुपारी सगळे झोपले की मला बाहेर काढी आणि समासात लिही. पेन्सिलीनं, म्हणजे कुणी विचारलंच तर खोडता येईल. पण हात पडला कचेरीचा! कार्बन लावून चार प्रती काढायची सवय. पेन्सिलही अशी दाबून चालवी, जणू खाली आणखी तीन कागद आहेत. माझ्या अंगावर वळ उठत.

एका कवितेत आरसा पुसता पुसता बाई आपला चेहराच पुसून टाकते. शेजारी हिनं लिहिलं, "पुसला नाही गं. झाकलाय." जन्मात न भेटलेल्या कवयित्रीला ती 'गं' म्हणे.

ती गेली, आणि चादरी आवरताना मी तिच्या मुलीला सापडलो. मुलगी आजच्या फारसी बायकांच्या कवितांवर प्रबंध लिहीत होती. मला मांडीवर घेऊन वडिलांना समजावी, "बाबा, मनाचे जुने डॉक्टर म्हणाले, बाईत काहीतरी कमी आहे. पुढच्या बायकांनी विचारलं, कमी बाईत आहे की तुमच्या चष्म्यात? मूल आधी आईच्या आवाजात राहतं. मग शब्द येतात, नियम येतात, बापाचं नाव येतं, आणि तो आवाज तळाला दाबला जातो. पण दाबलेलं मरत नाही. कवितेत वर येतं."

"तुझी आई कधी कविता करायची?"

"कवितांना उत्तरं द्यायची."

"अगं, ती कुठं बोलायची? साधी बाई होती."

तेवढ्यासाठी मुलीनं शेवटचं प्रकरण माझ्या समासांवर लिहिलं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "नोंदींच्या प्रती जोड. नाहीतर परीक्षक म्हणतील, आईवरच्या मायेनं रचलंस." झेरॉक्सवाला म्हणाला, "उघडून दाबलं तर पाठ मोडेल. आधी बांधून आणा." म्हणून तिनं मला बांधणीसाठी इथं, या दुकानात आणून दिलं.

आता या धंद्यातली एक रीत सांगतो. पेन्सिलीच्या खुणांचं पुस्तक म्हणजे उष्टं ताट. गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून हातात आलेलं पुस्तक आधी मऊ रबरानं साफ करायचं. आमचा दुकानदार तर वर पावाचा गोळा फिरवून उरलेली काजळीही टिपतो. दोन दिवस तो माझ्यावर राबला, आणि तेही फुकट.

"घ्या ताई. एक रेघ सापडली तर कान पकडीन. कुणीतरी नुसता चिखल केला होता."

तिनं एक पान उलटलं, मग दहा, मग सगळी. मग ती स्टुलावर बसली.

"पाणी देऊ का, ताई?"

"त्या चिखलात माझी आई होती, काका."

हातातलं रबर कुठं ठेवावं, ते त्याला कळेना.

तिनं आधी वहीत उतरवून ठेवलेल्या नोंदी फक्त सात. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "मी तुझा शब्द मानते गं, परीक्षक मानणार नाहीत. प्रकरण काढ." वडील म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" दुसऱ्या दिवशी ती मला इथं सोडून गेली. "विकून टाका, काका. घरात बघवत नाही."

अहो, रबरानं शिसं उचललं. वळ कसे उचलणार? सगळं आहे माझ्या अंगावर, अक्षर न् अक्षर. पण तिनं मला डोक्यावरच्या ट्यूबखाली सरळ धरून पाहिलं, तेही भरल्या डोळ्यांनी. दाबलेलं मरत नाही असं बापाला सांगणारी पोरगी, मला जरा तिरपं धरायचं तिच्या ध्यानात आलं नाही. मी ओरडत होतो. पुस्तकाचं ओरडणं ते काय, ऐकू थोडंच येतं?

सोमवारी प्रबंध जमा होतोय, त्या प्रकरणाविना. एकदा जमा झाला की तिची आई कायमची साधी बाई. रोज पाच वाजता ऊन तिरकं आत येतं, माझ्यापासून दोन बोटांवर थांबतं, आणि दुकानदार पडदा ओढतो. कागद पिवळा पडू नये म्हणून. काळजीनं.

तुम्ही मला हातात घेतलंय, तर उजवीकडून उघडा. सत्तेचाळिसावं पान, त्या आरशाच्या कवितेचं. खिडकीशी जाऊन तिरपं धरा. ऊन नसेल तर डोळे मिटून समासावर बोट फिरवा. लागलं काही? मग दुकानदाराला एवढंच सांगा, ताईंना बोलवा, सोमवारच्या आत.

किंमत बघताय होय? ती माझ्या शेवटच्या पानावर आहे. त्याला ते पहिलं वाटतं. पेन्सिलीनंच लिहिलीय. तेवढी एक ओळ त्यानं खोडली नाही.