हलत्या हातांचा कोश

कर्णबधिर मुलांच्या शाळेत धाकटी कॉम्प्युटर आणि वेबसाइट सांभाळायची. तिची थोरली बहीण त्याच शाळेत खुणांची भाषा शिकवायची. ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण घरात सगळ्यात बडबडी तीच. तिच्याशी भांडायचं म्हणून धाकटी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली होती.

बारा वर्षांपूर्वी दोघींनी मिळून खुणांचा कोश केला. निळ्या पडद्यापुढे ताई उभी राहायची, एकेक शब्द हातांनी करून दाखवायची आणि धाकटी कॅमेरा धरायची. असे चौदाशे छोटे व्हिडिओ झाले. ते पाहायचे तर तेव्हा ब्राउझरला एका कंपनीचं प्लगइन जोडावं लागे. ते बसवलं की व्हिडिओ चाले, नाहीतर पानावर नुसती करडी चौकट दिसे. फोनवर तर ते कधी चाललंच नाही. आणि आता वर्षअखेरीस सगळेच ब्राउझर त्या प्लगइनला दार बंद करणार होते. चौदाशे शब्दांच्या चौदाशे करड्या चौकटी होणार होत्या.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी दोघी बहिणींना बोलावलं, तेव्हा खोलीत एका ॲप बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आधीच बसला होता. मोठ्या बाईंच्या मते त्यात एवढं डोकं खाजवण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक खुणेचा एक फोटो लावायचा, खाली शब्द लिहायचा, संपलं काम.

धाकटी ताईला हे सगळं खुणांनी सांगत होती. ताईने सगळं पाहून घेतलं आणि उठून उजवी मूठ छातीशी धरली. मग हात खाली घेतला आणि पुन्हा तशीच मूठ तशीच धरली.

"यातलं एक 'माफ कर' आहे आणि एक 'जड'," धाकटी म्हणाली. "ताई विचारतेय, कुठलं कुठलं ते सांगा."

मोठ्या बाईंनी दोन्ही वेळा नीट पाहिलं होतं. त्यांना सांगता येईना. मग ताईने तीच मूठ एकदा गोल फिरवली आणि एकदा खाली दाबली, आणि फोटोंचा विषय तिथेच मिटला.

कंपनीचा माणूस याचीच वाट पाहत असावा. त्यांच्या ॲपमध्ये व्हिडिओ हलतेच राहतील, असं तो म्हणाला. फक्त ते शाळेच्या मुलांनाच आणि पासवर्ड टाकूनच दिसतील. बाकी सगळं सुरक्षित.

"तुम्ही ॲप बंद केलंत तर?" धाकटीने विचारलं.

"तसं होणार नाही."

"प्लगइनवालेही हेच म्हणाले होते."

तिचं म्हणणं साधं होतं. आता ब्राउझर स्वतःच व्हिडिओ दाखवतात. त्याची पद्धत खुली आहे, सगळ्यांनी मिळून ठरवलेली. ती बंद करायची चावी एकट्या कुणाच्या खिशात नाही. व्हिडिओ त्या पद्धतीत आणले की कुठल्याही फोनवर, काहीही न बसवता दिसतील. मोठ्या बाईंना तिचा सूर आवडला नाही. महिनाअखेरीस शाळेची समिती ठरवेल, तोवर वेबसाइटला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

धाकटीने दुसऱ्या दिवशी सकाळीच हात लावला.

बाराशे व्हिडिओ सहज सुटले. प्लगइनचं वेष्टन काढलं की आतला व्हिडिओ धडधाकट होता. पण सुरुवातीचे दोनशे काही केल्या उलगडेनात. ते तिने जुन्या सामानाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एकेक चालवले आणि पडद्यावर दिसतील तसे पुन्हा टिपून घेतले. मधल्या सुट्ट्या, मोकळे तास, सगळे त्यात गेले. तरी एकतीस शब्द असे निघाले, की त्यांत हात अडखळत होते. कुठे मधलीच हालचाल गायब. ते नव्याने करण्याला पर्याय नव्हता.

आणि ताईच्या बोटांना आता संधिवात होता. दोन बोटं पुरती मिटत नव्हती. एखाद्या तरुण शिक्षिकेकडून तेवढे शब्द करून घेऊ का, असं धाकटीने चाचरत विचारलं. ताईने तिच्याकडे असं पाहिलं, की धाकटीला लहानपणीची भांडणं आठवली.

"म्हातारी माणसं बोलायची थांबतात का?" ताईचे हात म्हणाले. "मुलांना माझी बोटंही वाचता आली पाहिजेत. लाव कॅमेरा."

एकतीस शब्दांना चार दिवस लागले. 'धावणे' सात वेळा करावा लागला. दुखत होतं ते ताईच्या ओठांवर दिसत होतं, हातांवर तिने दिसू दिलं नाही. पाचव्या दिवशी धाकटीने सगळा कोश खुला करून टाकला.

दुपारी टेबलावर चिठ्ठी आली: परवानगीशिवाय केलेला बदल आजच मागे घ्यावा. धाकटीने त्याच कागदाखाली लिहिलं, 'घेणार नाही', सही केली आणि स्वतः जाऊन तो मोठ्या बाईंच्या हातात दिला. नोकरी गेली तर काय, हा विचार जिना उतरताना आला. पण ती परत वर गेली नाही.

समितीपुढे तिला उभं केलं तेव्हा ताई शेजारी येऊन उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. मोठ्या बाई शिस्तीबद्दल बोलल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कंपनीच्या माणसाने ॲप दाखवलं. मग पालकांच्या वतीने समितीवर असलेला बसचालक उठला. त्याची सहा वर्षांची मुलगी शाळेत होती. त्याने आपला फोन वर धरला. काचेला तडा गेलेला, कधीचा तरी जुना.

"ॲप यावर उतरतच नाही, मी आत्ता बघितलं," तो म्हणाला. "कोश चालतो. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी असते, तेवढ्यात मी रोज तीन शब्द शिकतो. काल पोरीला म्हटलं, मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. पहिल्यांदा म्हटलं." एवढं बोलून तो खाली बसला.

कोश खुला राहिला. ॲपवाल्याला नकार गेला. पण मोठ्या बाईंनीही आपला हट्ट सोडला नाही. आज्ञा मोडल्याबद्दल धाकटीला लेखी ताकीद मिळाली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि पोच म्हणून सही केली.

बाहेर आल्यावर ताईने कागद हिसकावून वाचला. 'ताकीद' या शब्दावर बोट ठेवून तिने भुवया उंचावल्या. ही खूण तर कोशात नव्हतीच. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघींनी निळा पडदा लावला आणि चौदाशे एकावा शब्द टिपला. तो करताना ताईला हसू आवरत नव्हतं, म्हणून तेवढा तीनदा घ्यावा लागला.