मागच्या सीटची लाल खूण

बायको शांतादेवी वारल्यापासून महालिंगला रविवारची सकाळ नकोशी वाटायची. त्या दिवशी शेजारचा ऋतुराज पार्किंगमधून गाडी काढायचा आणि त्याची बायको वर्षाराणी हसत हसत खाली यायची.

आज दोघं तांदूळ उतरवत होती. वर्षभराचा तांदूळ, शाहूवाडीहून, तिच्या माहेरचा. मागची सीट पाडून पाच पोती आडवी घातली होती. चार उतरली. पाचवं बिद्रीला ऋतुराजच्या बहिणीकडं द्यायचं होतं. तिच्याकडच्या बारशालाच निघायचं होतं, म्हणून ते डिकीत सरकवून दोघांनी सीट उभी करायला घेतली.

"पट्टा धर, मधी अडकंल," ऋतुराज म्हणाला.

"धरलाय. माझं बोट तेवढं अडकवू नको, न्हायतर भाकऱ्या तुलाच थापाय लागतील."

"थापतो की. खाणार कोण पर?"

महालिंग जिन्याच्या पायरीवर चहा घेऊन बसला होता. गेल्या वर्षापर्यंत हेच काम तो आणि शांतादेवी करायचे. ती पट्टा धरायची, तो सीटची पाठ रेटायचा. आता त्याची गाडी कव्हरखाली पडून होती. शेजारी माणसं चांगली. शांतादेवीच्या आजारपणात डबे दिले होते त्यांनी. तरी ती दोघं हसली की त्याला हेवा वाटायचा. यांचंच घर का अजून दोघांचं आहे, असं वाटायचं.

सीट उभी राहिली, पण खटका वाजला नाही. पोत्याची सुतळी लॉकमध्ये गेली होती. सीटच्या खांद्यावरच्या बटणापाशी लाल खूण तशीच दिसत होती. लाल दिसतंय म्हणजे पाठ पक्की बसलेली नाही. जोरात ब्रेक लागला तर मागचं पोतं तिला माणसासकट पुढं ढकलणार. महालिंगला ते दिसलं. त्यानं तोंड उघडलं.

"काका, चला की बारशाला," ऋतुराज म्हणाला. "एकटं बसून काय करताय?"

महालिंगनं तोंड मिटलं. "चालू द्या तुमचं."

ऋतुराजची आई, आक्का, खाली आली आणि नेमकी त्याच सीटवर बसली. गाडी गेली.

महालिंगच्या डोळ्यांपुढून ती लाल खूण हलेना. त्यानं ऋतुराजला फोन लावला. कुणी उचलला नाही. परत लावला. मग कप पायरीवर ठेवून त्यानं स्कूटर काढली.

बिद्रीच्या वाटेवर, कळंब्याच्या पेट्रोल पंपावर गाडी दिसली.

"आक्का, खाली उतरा," तो म्हणाला आणि सीटला हिसका दिला. पाठ सरळ पुढं पडली. ऋतुराज बघतच राहिला. महालिंगनं सुतळी ओढून काढली आणि पाठ मागं रेटली. खटका वाजला. लाल खूण गेली.

"काका, देवासारखं आलासा," ऋतुराज म्हणाला.

वर्षाराणीनं विचारलं, "तुम्हास्नी कवा दिसलं हे?"

खोटं बोलता आलं असतं. "तुम्ही निघायच्या आधी."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुम्ही दोघं हसत होता."

वर्षाराणीनं आक्काला पुढं बसवलं, स्वतः मागं बसली आणि काच वर केली. ऋतुराज मान खाली घालून स्टेअरिंगवर बसला.

सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं महालिंगला वाटलं होतं. तसं झालं नाही. वर्षाराणीचा राग रास्त होता. पण ज्यांच्यासाठी असं रागवावं, अशी माणसं तिच्या गाडीत होती. त्याचाही त्याला हेवा वाटला.