जपानला मुराळी

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तोंडावर आली आणि माझी नात दिपमाला फोनवर चेहरा दाखवेना. वर्षभरापूर्वी ती जपानला गेली, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला. हल्ली कसं चाललंय विचारलं की एकच शब्द लिहून पाठवायची: गामान.

माझ्या मुलाला, प्रेमराजला, त्या शब्दाचं वेडच लागलं. जळगावात त्याचे शिकवणीचे वर्ग आहेत. गामान म्हणजे तक्रार न करता, ताठ मानेनं सोसणं. आपल्या भाषेत याला शब्दच नाही, असं तो मुलांना सांगू लागला. वर्गाच्या भिंतीवर तो शब्द रंगवूनही घेतला.

मला मात्र तो शब्द ऐकून कोकिळा आठवली. माझी मोठी बहीण कोकिळा पारोळ्याला दिलेली. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यांना आणायला घरचा माणूस जातो, तो मुराळी. एका वर्षी आमचे वडील, नाना, तिला आणायला गेले, तर तिनं दारातूनच सांगितलं, "बठ्ठं बरं शे," सगळं बरं आहे, आणि नाना एकटे परतले. आईनं ताट वाढता वाढता विचारलं, तिचे हात पाहिले का? नानांनी पाहिले नव्हते. पुढच्या आखाजीला लिंबाला झोका बांधला, तेव्हा कोकिळा जगात नव्हती.

आज सकाळी मी हट्टानं व्हिडिओ कॉल लावायला लावला. दिपमाला हसली. वडिलांनी विचारल्यावर तोच शब्द म्हणाली. प्रेमराज माझ्याकडे वळला, "बघ माय, रडगाणं नाही पोरीचं."

मी फोन हातात घेतला. "हात दाखव, बाय."

"बठ्ठं बरं शे, आजी."

"हात दाखव."

तिनं फोन कशाला तरी टेकवला. मग हात वर आले. बोटांना चिरा, मनगटावर काळेनिळे वळ. एक आजोबा, त्यांना उठवताना, मनगट धरून पिळतात, म्हणाली. तिथल्या मोठ्या बाईला सांगितलं, तर ती म्हणते, गामान.

मी प्रेमराजला म्हणाले, "शब्द आहे आपल्याकडे. कोकिळाला सगळ्यांनी तोच सांगितला होता. सोस." मग फोनकडे वळले, "मुराळी पाठवू?"

दिपमालानं मान डोलावली. आणि रडली.

प्रेमराज तिकिटाच्या चौकशीला गेलाय. तिला सोडतील का, त्याला तिथे जाऊ देतील का, काहीच कळत नाही. लिंबाला झोका बांधून घेतला आहे. दुपार कलली. फोन मी मांडीवरच ठेवलाय.